कोंडाबाईची जीभ अडली त्या सालची हकीकत

॥ श्री ओढेश्वर समर्थ ॥ ज्याचे कृपेनें मुक्यास वाचा फुटे आणि बोलक्यास दम पुरे, त्या देवास दंडवत घालून, दोहोंपैकीं कोणत्याही पक्षाचें मीठ न खाल्लेल्या हातानें ही हकीकत लिहिली. शके सोळाशें एकुणसत्तर, प्रभवनाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, पोळ्याचे दुसरे दिवसाची कर, ते दिवशीं जें जाहलें तें येणेंप्रमाणें.

एक राज्य होतें. त्याचे मधोमध ओढा वाहे आणि दोहों थडींस लोक नांदत. उगवतीचे लोक आपले थडीस अलीकडली म्हणत आणि समोरचीस पलीकडली म्हणत, आणि मावळतीचे लोक नेमकें उलटें म्हणत, आणि एवढ्याच गोष्टीवरून वैर लागलें. मग तें पिढ्यानुपिढ्या वाढत गेलें. आजे गोफणी घेऊन लढले, बाप काठ्या घेऊन लढले, आणि बंधाऱ्याचें पाणी आधीं कोणीं घ्यावें यावर लढले, आणि पाणी आटलें तेव्हां कोरड्या बंधाऱ्यावर आधीं कोणीं बसावें यावर लढले. उगवतीचे पागोट्याचा शेमला डावीकडे सोडीत म्हणोन मावळतीचे उजवीकडे सोडूं लागले, आणि एक गृहस्थ पाठीवर सोडून आला त्यास दोहोंकडून मार बसला. राजश्रींनीं निवाड्यास कारभारी धाडले. ते एके थडीस जेवले, मग दुसरे थडीस जेवले, आणि दोहोंकडील लोक बहुत भले आहेत ऐसें सांगून ढेकर देत माघारे आले.

मग राजश्रींच्या मातोश्री आईसाहेब यांणीं हुकूम फर्माविला कीं, पुरुषांस लढतां येत नाहीं हें दिसोन आलें, सबब पोळ्याचे करीस दोहों थडींच्या बायकांनीं ओढ्याकाठीं उभें राहून एकमेकींस पोटभर शिव्या द्याव्या, आणि देवळीं नगारा जाहला म्हणजे वर्षाचें वैर सरलें म्हणावें. मेलेल्या माणसास, पोटच्या लेंकरास आणि अंगच्या व्यंगास जीभ लावूं नये, आणि दिलेली शिवी पुन्हा देऊं नये. जो हात उगारील त्याचे घरीं दोहों थडींचा पुरणाचा स्वयंपाक पडेल. ऐसें ठरलें आणि काठ्या पुन्हा गुरांमागें गेल्या, आणि पुरुष करीचे दिवशीं मागें चिंचेखालीं बसून पान खात लढाई पाहूं लागले.

उगवतीचे फौजेची सरलष्कर कोंडाबाई. बाई जिभेची मोठी तालेवार. वर्षभर शिव्या जमवीत, आणि दळतां दळतां नवी सुचली म्हणजे जातें थांबवून एकट्याच हंसत. मावळतीकडे तशाच मातबर राहीबाई. दोघी तरुणपणापासोन समोरासमोर उभ्या राहत आल्या, आणि कोणाचीच शिकस्त होत नसे. परंतु त्या सालीं गोष्ट अशी जाहली कीं, कोंडाबाईंची लेक चिमा आणि राहीबाईंचा लेक सटवाजी यांची बंधाऱ्यावर नजरानजर जाहली, आणि मग दोघें रोज बंधारा पाहूं लागलीं, आणि शेवटीं घरच्यांनीं हात टेकले आणि सुपारी फुटली. ओढा ओलांडून सोयरीक होणें हें राज्यांत प्रथमच. लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलें, आणि कोंडाबाईंचें जातें थांबवून हंसणें बंद जाहलें.

चिमा पोळ्याचें पुरण वाटीत होती, ती म्हणाली, "आई, औंदा राहीआत्यास्नी काय काय देणार गं?"

"गप बस," कोंडाबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांनी त्या बाईच्या चुलीम्होरं बसायचं हाय तुला. म्या तोंड सोडलं, तर ती सगळं तुझ्यावर काढंल."

"आन् तू तोंड मिटलंस तर?"

कोंडाबाईंनीं तिच्या हातांतला वरवंटा ओढून घेतला आणि आपणच पुरण वाटूं लागल्या. लेकीस जाच होऊं नये एवढेंच त्यांस दिसत होतें.

करीचे दिवशीं शिंगें वाजलीं, बायकांनीं पदर खोंवले, आणि राहीबाईंनीं पहिला गोळा टाकिला. "ए कोंडे! तुझ्या भाकरीला एवढी भोकं, की गिराण लागलं म्हंजी समदं गाव तुझ्या दारात येतं, त्यातनं सूर्य बघाया!"

मावळतीकडे हंशा जाहला. उगवतीच्या बायका आपले सरलष्करांकडे पाहूं लागल्या. कोंडाबाईंच्या मनांत वर्षभराचें सामान खच्चून भरलें होतें, तें घशापर्यंत आलें, आणि तेथेंच चिमाचा संसार आडवा आला. मग त्या म्हणाल्या, "राहीबाई, तुमची भाकर जरा कडक असती म्हणत्यात. पर चवीला लई चांगली."

चिंचेखालीं पुरुषांचीं पानें तोंडांतच राहिलीं. राहीबाईंस वाटलें, कांहीं डाव असेल. त्यांणीं दुसरी दिली. "तुझ्या दारचं कुत्रं चोराला वाटंतच सांगतं, बाबा, आत न्यायासारखं कायबी न्हाई, उगा पाय मोडू नगंस!"

"तुमचं कुत्रं मातर गुणाचं हाय हो," कोंडाबाई म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांस कसनुसें जाहलें. मागून त्यांची जाऊ म्हणाली कीं, दृष्ट लागली बाईला, मीठमोहऱ्या आणा.

मग राहीबाईंनीं खोंवलेला पदर सोडिला. मटकन् धोंड्यावर बसल्या आणि डोळ्यांस पदर लाविला.  पदराआडूनच त्या म्हणाल्या, "सुपारी फुटली ती फुटली. लगीन मोडलं म्हणून समजा."

"आवं पर माझं चुकलं काय?" कोंडाबाई पाण्याचे कडेस धांवत आल्या. "एक वाकडा सबूद तरी बोलले का म्या?"

"त्येच तर! इतकी वर्सं तू मला जीव तोडून शिव्या देत आलीस. म्या करीच्या आदल्या राती झोपत न्हाई, उद्या कोंडी काय देतीया म्हणून. आन् आज अहो-जाहो? मी काय वाटंची पाव्हणी हाय? मला परकी धरलीस, मग पोरगी कशाला देतीस परक्याच्या घरात?"

हें ऐकून कोंडाबाईंचे डोळे भरून आले. आपण भय धरिलें तें कोणाचें, हें त्यांस उमगलें आणि आपलीच लाज वाटली. लेक जिचे घरीं द्यावयाची ती बाई तर आपणांस उभ्या जन्मांत सर्वांहून जास्त ओळखते. मग त्यांणीं डोळे पुसले, नाक शिंकरलें, पदर पुन्हा खोंवला, गुडघाभर पाण्यांत उतरल्या आणि तोंडाचा पट्टा सोडिला.

"अगं ए राहे! परकी कशानं हुशील? तुझ्या आमटीत डाळ गावंना म्हणून तुझा दाल्ला गेल्या सालापासनं गळ टाकून बसलाय!"

राहीबाईंचे यजमान चिंचेखालीं बसले होते, ते नकळत मान डोलावूं लागले.

"तू चूल पेटिवलीस की आमची थड घागरी घिऊन पळती, आग लागली म्हणून! तू ओवी म्हटलीस की जातं उलटं फिरतं, आन् पिठाचं परत जोंधळं हुत्यात!"

"आली!" राहीबाई उठल्या, रडत होत्या आणि हंसत होत्या. "आली माझी बाय ठिकाणावर! आता ऐक माझं!" आणि त्याही पाण्यांत उतरल्या. मग जें युद्ध जाहलें तैसें पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें. शिवीस शिवी भिडली, बायका हंसून हंसून काठावर लोळल्या, पुरुषांस ठसके लागले, आणि नगारची टिपरू हातांत धरून ऐकत राहिला तो नगारा करणें विसरला, आणि सूर्य मावळला तरी वैर सरेना. शेवटीं दोघींचे आवाज बसले तेव्हां त्या ओढ्याचे मध्यावर एकमेकींचे गळ्यांत पडून उभ्या होत्या.

तुळशीचें लग्न जाहलें आणि चिमाचें लग्न जाहलें. पाठवणीचे वेळीं कोंडाबाईंस रडूं आवरेना. राहीबाई कानाशीं येऊन म्हणाल्या, "रडू नगंस. भाकरी थापाया शिकवीन तिला, तुझ्यावाणी भोकं न्हाई पडू द्यायची." तेव्हां कोंडाबाई हंसल्या.

पुढील सालीं करीस दोहों फौजा उभ्या राहिल्या, तों चिमाबाई ओढ्याचे मधोमध धोंड्यावर जाऊन उभी. तिची आई म्हणाली, अलीकडं ये. तिची सासू म्हणाली, अलीकडं ये. चिमाबाईनें एकवार इकडे पाहिलें, एकवार तिकडे पाहिलें आणि म्हणाली, "हितनं तुम्ही दोघीबी पलीकडंच दिसताय," आणि कमरेस पदर खोंवून दोहोंकडे मारा सुरू केला.

सारांश, ते दिवशीं उगवती आणि मावळती दोहोंचा एकदम मोड जाहला, आणि दोघी सरलष्कर आपापले थडीवरून, ही माझीच लेक, ऐसें ओरडत राहिल्या. त्याचा निवाडा अद्याप जाहला नाहीं, आणि व्हावा ऐसें कोणास वाटतही नाहीं.