तांबडे गिटारीचा जीर्णोद्धार

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ऐन वेळी वीज न घालवणारी जी कोणी देवता असेल तीसही नमन करून, शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपद वद्य द्वितीयेपासून अमावास्येपर्यंत मौजे वडवणी, जिल्हा बीड, येथे जी मोहीम जाहली तिची हकिकत यथामति लिहिली असे. थोरामोठ्यांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. तेथे हत्ती होते, घोडे होते, जरीपटका होता. येथे एक सोल्डरिंग गन, एक पक्कड आणि एक मोटारसायकल इतकीच फौज. तरी खाशांचे काळजात धडधड व्हावयाची ती तितकीच जाहली, म्हणोन लिहिणे अगत्याचे.

राजमान्य राजश्री शहादेवराव, वय वर्षे एकावन्न, मोटार वायंडिंगचे कामी उभ्या तालुक्यात मशहूर. जळालेली पाणबुडी मोटार त्यांचे दुकानात आली, आणि दोन दिवसांत पुन्हा विहिरीत उतरून पाणी फेकू लागली नाही, ऐसे क्वचितच घडले. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती वनमालाबाईसाहेब; घरातील दिवाणी, फौजदारी आणि मुदपाकखाना हे तिन्ही अखत्यार त्यांजकडे. द्वितीयेस बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, देवीचे घट बसावयाचे आत घर झाडून पुसून, गोधड्या धुऊन, जो जिन्नस चालत नाही तो बाहेर काढावा, आणि अमावास्येस भंगारवाले येतील त्यांचे हवाली करावा. यात कोणाची भीडमुर्वत होणार नाही. मग अंगणात गुन्हेगार रांगेने उभे राहिले. झाकण हरवलेला मिक्सर, पाय मोडकी खाट, कूलरचे पाते, आणि शेवटी भिंतीवरील खिळ्यावरून उतरविलेली एक तांबडी इलेक्ट्रिक गिटार.

ही गिटार म्हणजे सामान्य जिन्नस नव्हे. राजश्री बीडास कालेजात असता एका आर्केस्ट्रात ती वाजवीत, आणि पुढे वनमालाबाईंस बघावयास मंडळी गेली तेव्हा राजश्रींचे मामांनी पोहे खाता खाता आपले पक्षाचे जे गुण सांगितले त्यांत घर, दुकान, निर्व्यसन यांचे जोडीने 'पोरगा आर्केस्ट्रात गिटार वाजवतो' हेही कलम घातले. सोयरीक ठरली. परंतु लग्नाआधी एक महिना गिटारीचा आवाज बसला तो बसलाच, आणि राजश्री दरसाल म्हणत आले की यंदाचा हंगाम उरकला म्हणजे तीस दुरुस्त करू. हंगाम सव्वीस उरकले.

ते दिवशी राजश्रींनी गिटारीसाठी रदबदली केली. बाईसाहेब हातातील फडके पिळीत म्हणाल्या, “सव्वीस वर्सं झाले हिच्यावर फडकं मारायलेय मी. एक दिवस बोलली न्हाई ही. बघायला आल्ते तव्हा तुमच्या मामानं सांगितलं ते खरं व्हतं का खोटं, तेवडं तरी कळू द्या.”

हे बोलणे राजश्रींस लागले. रागाने बोलल्या असत्या तर सोसले असते, परंतु बाईसाहेब सहज बोलल्या, आणि सव्वीस वर्षे हा सवाल त्यांनी मनात ठेविला होता हे त्यांस तेव्हाच कळले. मग राजश्रींनी पैज लाविली की, घट बसावयाचे आत गिटार वाजवून दाखवितो, न वाजली तर आपले हाताने भंगाराचे काट्यावर ठेवितो. बाईसाहेबांनी तह मंजूर केला आणि गोधड्या भिजत घातल्या.

मग दुकानाचे बाकावर गिटार उताणी घालून राजश्रींनी तिची पाहणी केली, तो मुलूख बेचिराख जाहलेला. तारा ताणावयाच्या सहा खुंट्या गंजून गेलेल्या, पिळावे तितके परत उलगडणाऱ्या. मानेचे शेंड्याशी तारा जीवर टेकतात ती प्लास्टिकची पट्टी मधोमध चिरलेली. आवाजाचे बटण फिरविले तर आत वाळूसारखी करकर. आणि सर्वांत जबर घाव म्हणजे पिकअप, तारांखाली चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळून केलेले जे गिटारीचे कान, ते मीटर लावून पाहता साफ मेलेले.

राजश्री हसले, कारण गुंडाळलेली तार म्हणजे त्यांचा घरचा मुलूख. त्यांनी पण केला की हे वेटोळे खासा आपण भरू. परंतु पाणबुडी मोटारीची तार वेगळी आणि ही वेगळी. ही केसाहून बारीक, नुसता श्वास जोरात सोडला तरी तुटावयाची. मग राजश्रींनी पंखा बंद केला, गिऱ्हाइकास बाहेर बसविले, आणि तीन दिवसांत तीनदा भरली, आणि तिन्हीदा तुटली. चौथे दिवशी बोटांकडे पाहत बसले. चरे पडलेली, टोकाशी घट्टे आलेली बोटे. दहा हॉर्सपॉवरची मोटार ओळखणारी, परंतु ह्या कामास जाड. तेव्हा शिकस्त कबूल करून, मोबाईलवर स्वस्तात स्वस्त जो पिकअप, खुंट्यांचा जोड, आवाजाचे कंट्रोल आणि तारांचा संच मिळाला तो मागविला, आणि सायंकाळी बाईसाहेबांस इतकेच सांगितले की कुमक निघाली आहे.

कुमक दरमजल करीत येत होती. रोज मोबाईलवर तिचा मुक्काम दिसे. एकादशीस ती मांजरसुंब्यास पोचली, आणि तेथे कुरियरवाल्याने कळविले की, वडवणीकडे गाडी परवा येईल, घाई असल्यास चौकातील ढाब्यावर येऊन घेऊन जावे. परवाची वाट पाहील तो वायंडिंगकार कसला. राजश्री तैसेच मोटारसायकलवर स्वार होऊन निघाले, चौकात ट्रकांचे गर्दीतून वाट काढीत ढाब्यावर दाखल जाहले, तो पार्सल गल्ल्याशेजारी कांद्याचे पोत्यावर बसलेले. एक कप चहा घेऊन, पार्सल पोटाशी धरून माघारी फिरले.

घरी उघडून पाहता मोठा दगा. गिटारीस हव्या एका रांगेत सहा खुंट्या. आल्या त्या तीन डाव्या आणि तीन उजव्या. परत पाठवावे तर घट बसून उठतील. राजश्रींनी क्षणभर कपाळास हात लावला, आणि मग विचार केला की, शेतकरी मोटार उलटी फिरते म्हणोन येतो तेव्हा आपण न घाबरता दोन वायरी अदलाबदल करून देतो, तर येथे का घाबरावे? त्यांनी सहाही एका रांगेत ठोकून बसविल्या. तीन सुलट फिरवल्या की तार ताणे, तीन उलट फिरवल्या की ताणे. कोणती कोणती हे ध्यानी राहावे म्हणोन उलट्यांस त्यांनी लाल टेप गुंडाळली.

आता राहिली पट्टी. पार्सलात ती नव्हतीच. ते समयी राजश्रींचे जिवलग आणि भजनी मंडळाचे मुख्य सुग्रीवराव दुकानी आले. त्यांचे ढवळ्या बैलाचे एक शिंग वाकडे वाढून डोळ्यास टोचू लागले होते, म्हणोन पोळ्याआधी शिंगे साळताना त्याचे टोक करवतीने काढिले होते, आणि सुग्रीवरावांनी ते टाकवत नाही म्हणोन वाशात खोचून ठेविले होते. ते त्यांनी नजर केले. राजश्रींनी त्यातून बोटाएवढी पट्टी कापली, कानसीने घासली, तारांसाठी सहा खाचा पाडल्या. दुकानात जळक्या शिंगाचा वास सुटला आणि समोरचा केशकर्तनालयवाला दोनदा डोकावून गेला. पट्टी बसली ती ऐसी बसली, जणू गिटार बैलाचे मापाने केली होती.

चतुर्दशीस नवे पिकअप, नवे कंट्रोल, दुकानातले सॉकेट जोडून जाहले, आणि अमावास्येचे दुपारी सुग्रीवराव भजनी मंडळाचा आवाज वाढवावयाचा डबा, म्हणजे ॲम्प्लिफायर, हातगाडीवर घालून अंगणात घेऊन आले. भंगारवाले चार वाजता यावयाचे. बाईसाहेब शेवटच्या गोधड्या वाळत घालीत होत्या. राजश्रींनी गिटारीस पिन खोचली, बटण दाबिले, आणि त्या डब्यातून ऐसी गुरगुर उठली की झाडावरचे पारवे उडाले आणि शेजारची शेळी दावे तोडून पळाली. तार छेडली तर तिचा आवाज त्या गुरगुरीत बुडून गेला. सुग्रीवरावांनी मसलत दिली की पिकअपच बोगस निघाले.  बाईसाहेबांनी मिक्सर उचलून फाटकाशी नेऊन ठेविला.

राजश्रींनी गिटार पुन्हा उघडली, प्रत्येक टाका तपासला. टाके पक्के. मग डब्याची वायर धरून मागे मागे गेले, भिंतीवरील बोर्डापाशी आले, आणि तेथे उभेचे उभे राहिले. तीस वर्षे ज्या माणसाने तालुक्यातील प्रत्येक शेतकऱ्यास बजाविले की बाबा, आधी अर्थिंग कर, खड्ड्यात कोळसा मीठ घाल, उन्हाळ्यात पाणी ओत, नाहीतर मोटार जळेल आणि तूही जाशील, त्या माणसाचे खासगत घरात, बोर्डाचे तिसरे भोक नुसते शोभेचे होते. मागे वायरच नव्हती. घर बांधताना 'नंतर करू' म्हणाले होते, तेही त्यांस आठवले.

सुग्रीवराव हसले ते खाटेवर बसून हसले, आणि खाटेचा आणखी एक पाय गेला. राजश्री हसले नाहीत. त्यांनी पहार घेतली, घामाघूम होऊन न्हाणीमागे कमरभर खड्डा घेतला, दुकानातील लोखंडी पाइप आत उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरून वायर आणून बोर्डास जोडली, आणि डबा पुन्हा चालू केला. गुरगुर थोडी उतरली, गेली नाही. माती कोरडी होती. तेव्हा बाईसाहेबांनी पदर खोचला, हंडा उचलला आणि स्वतः खड्ड्यात ओतावयास लागल्या. दुसरा हंडा ओतला तशी गुरगुर दबली. तिसरा ओतला तशी अगदी बसली, आणि अंगणात गोधड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

आणि त्या शांततेत राजश्रींस भीती वाटली. हे लिहिताना आडपडदा ठेवणे बरे नव्हे. हंगाम, वेळ, पुर्जे ही सव्वीस वर्षांची सबब खरी नव्हती. गिटार मुकी होती तोवर मामांचे बोलणे कोणी खोटे पाडू शकत नव्हते. आता ती बोलावयास तयार होती, आणि वाजविणारा तयार होता की नाही हे त्यांचे त्यांसही ठाऊक नव्हते.

बाईसाहेब रिकामा हंडा पालथा घालून त्यावर बसल्या. राजश्रींनी गत धरली. आर्केस्ट्रा सुरू होताना, पडदा वर जाण्याआधी ते एकटे वाजवीत ती. गिटार सुरेख बोलली. शिंगाचे पट्टीवरून स्वर स्वच्छ निघाला. परंतु बोटे अडखळली. चौथे जागी भलतीच तार लागली, पुढे एक स्वर विसरला, ते थांबले, पुन्हा मागून धरली, आणि कशीबशी शेवटास नेली. शेवटचा स्वर मात्र लांब टिकला आणि हळू विझला. राजश्रींनी मान वर केली नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, “बोटं अडखळायलीत तुमची.” आणि पुढे म्हणाल्या, “पर मामा खोटं न्हाई बोलले.”

मग डोळ्यास पदर लावून, उन्हाचा त्रास होतो ऐसे सुग्रीवरावांस सांगून, त्यांनी हुकूम फर्माविला की गत पहिल्यापासून घ्यावी.

इतक्यात भंगारवाले आले. त्यांस मिक्सर, खाट आणि कूलरचे पाते हवाली करण्यात आले. त्यांनी तांबड्या जिनसाकडे बोट दाखविले असता बाईसाहेबांनी जबाब दिला, “ते चालू हाय.” येणेप्रमाणे वडवणीची मोहीम फत्ते जाहली, आणि भाद्रपद अमावास्येस, चारचे सुमारास, राजश्री शहादेवरावांनी तीच गत सौभाग्यवतींसमोर दुसऱ्यांदा वाजविली व चौथे जागी पुन्हा चुकले, हे सुग्रीवरावांचे साक्षीने लिहून ठेविले असे.