सबनीसांचे वाट-रिपोर्ट

सबनीसांनी एकदा एका डबक्यावर दीड पानी मेल लिहिली होती. चेष्टा नाही, माझ्याकडे अजून आहे ती. ‘डबक्याची लांबी अडीच मीटर. खोली घोट्यापर्यंत, घोटा माझा. डावीकडून गेल्यास चिखल, उजवीकडून गेल्यास खाजरं गवत. उजवीकडून जाऊन पाहिलं आहे.’ ती वाचून मी जी अवाक झाले, ती पुढची दोन वर्षं अधूनमधून होतच राहिले.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. अ‍ॅमस्टेलव्हीन आणि बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरांमधली आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं रविवारी चालायला जायचो. सबनीस आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. पन्नाशीचे, लग्न न केलेले, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी. कुणी न सांगताच त्यांनी एक खातं स्वतःकडे घेतलं होतं. शनिवारी सकाळी वाट एकट्याने चालून बघायची आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपला रिपोर्ट पाठवायचा, सोबत हाताने काढलेला नकाशा स्कॅन करून. त्या नकाशाने माझा मेलबॉक्स दर आठवड्याला तुंबायचा.

हा देश पोळपाटासारखा सपाट. इथे वाट अवघड ती कसली असणार? पण सबनीस लिहायचे, ‘चढ चार मीटर. ज्येष्ठांनी थांबत थांबत जावे.’ ‘कुंपणाच्या तारेला हात लावून पाहिला. करंट आहे. खात्रीसाठी पुन्हा लावला. आहे.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही निघायच्या बेतात असताना, ‘शुद्धिपत्रक: कुरणात अकरा गाई लिहिल्या होत्या. बारा आहेत. एक झाडामागे होती.’

“अहो, गाई मोजायला कोण येतंय तिथे?” मी एकदा वैतागून विचारलं.

“वहिनी, चूक ती चूक. माझ्या शब्दावर कुणीतरी पाऊल टाकतं.” हे बोलताना चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. मी कपाळावर हात मारला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांची आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. मी खोबऱ्याच्या वड्या घेऊन खाली गेले, तर सबनीसांनी दारातच डबा घेतला. “आई झोपलीय,” म्हणाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही झोपलेलीच. सकाळी अकरा वाजता. मी मनातून दुखावले, खोटं कशाला सांगू. माणसाने एवढं माणूसघाणं असू नये.

त्याच शनिवारी रिपोर्ट आला, जेमतेम तीन ओळींचा. ‘अ‍ॅमस्टेल नदीकाठची वाट: लाकडी पूल मोडला आहे. तीन महिने तरी वाट बंद. त्या बाजूला कुणी जाऊ नये.’ नकाशा नाही, मोडलेल्या फळ्यांची मोजणी नाही. आमची पिकनिक तिथेच ठरली होती, ती पुढे ढकलली.

सोमवारी ऑफिसमधली माझी डच मैत्रीण सहज म्हणाली की काल कुत्र्याला घेऊन ती त्याच पुलावरून गेली. मी उडालेच. सबनीस आणि खोटं? एक गाय चुकली तर कासावीस होणारा माणूस अख्खा पूल मोडतो?

दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी टाकली आणि सायकल काढली. काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ करत गेले.

पूल धडधाकट होता. पुलावर सबनीस होते, आणि सुती साडीवर त्यांचं ढगळ जाकीट घातलेली, पायात स्पोर्ट्स शूज घातलेली त्यांची आई. एक सायकलवाला ‘डाख’ असा डच नमस्कार करून गेला. तिने शाळा तपासणीला आल्यासारखी मान हलवली. मग सबनीसांना विचारलं, “मास्तर, आमचा श्रीरंग दिसला का हो? शाळा सुटली की याच वाटेने येतो.”

श्रीरंग म्हणजे सबनीसच.

“येतोय बाई, मागेच आहे,” ते म्हणाले. “चला, आपण हळूहळू पुढे होऊ.”

पाठ केलेलं एक अक्षर आठवेना.

त्यांनी मला पाहिलं. आईचा हात कठड्यावर ठेवून जवळ आले. “पकडलंत, वहिनी. हेडमिस्ट्रेस होती हो ती, तीस वर्षं. आपली माणसं भेटली की प्रेमाने विचारतात, माहेर कुठलं, मुलं किती. तिला आठवत नाही. आणि आठवत नाही एवढं मात्र कळतं. मग घरी येऊन रडत बसते, दुसऱ्या दिवशी बाहेर पडत नाही. इथले लोक नमस्कार करतात आणि पुढे जातात. या एवढ्या वाटेवर ती मोकळी असते.” थोडं थांबून म्हणाले, “पण लबाडी झाली. संध्याकाळी सगळ्यांना खरं कळवतो.”

त्या दिवशी वड्यांचा डबा हातात घेऊन मीही तेच विचारायला निघाले होते. माझी मलाच लाज वाटली. सायकल वळवली.

घरी आले तर ग्रुपवर कुणाची तरी मेल आलेली. ‘पूल ठीक असल्याचं ऐकलं. रविवारी तिकडेच पिकनिक करायची का? सबनीस, खरं काय ते सांगा.’

सबनीस अजून परतले नव्हते. मी चपला न काढताच लिहायला बसले.

‘आज मी स्वतः जाऊन आले. पूल मोडलेलाच आहे, पलीकडे जाता येत नाही. ऑगस्टपर्यंत तिकडे कुणीही जाऊ नये, ही विनंती.’