यंत्रविद्येचा कन्यामेळावा फाटकापाशी भरला, त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जिणे अक्षर दिल्हे तिणेच आंकडाही दिल्हा, तिजला दंडवत घालोन आणि वाचणारे सुज्ञ आहेत ऐसा भरंवसा धरोन हे वर्तमान लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, भौमवासर, ते दिवशी राज्यांत यंत्रविद्येचा कन्यामेळावा जाहला. सेवक तेसमयी विद्याखात्यांत लेखणीवर होता, आणि मेळाव्यास खुर्च्या मांडणे व अर्ज घेणे ही दोन्ही कामे त्याचेच गळ्यांत पडली होती, म्हणोन जे लिहिले ते डोळां देखिले लिहिले, ऐकीव अक्षर एक नाही. राज्याचे नांव मात्र लिहीत नाही. सेवकाची चाकरी अद्याप पांच वर्षे बाकी आहे.

तरी मेळाव्यास कारण काय जाहले, तर हुजुरांस कळों आले की राज्यांत धरणे आहेत, वीजघरे आहेत, संगणकाचे कारखाने आहेत, परंतु तेथे बायका पाहों जाव्या तर हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच. मग विद्याखात्याचे कारभारीसाहेबांची मर्जी जाहली आणि तालुक्याचे कन्याशाळेस हुकूम गेला की, यंत्रकामांत नांव मिळविलेली एक बाई बोलवावी, तिणे कन्यांस चार शब्द सांगावे, आणि राजधानीचे यंत्रशाळेंत दहावीपुढे शिकावयास बारा जागा या तालुक्याचे कन्यांस राखिल्या आहेत, तरी जीस जाणे असेल तिणे मेळाव्याचेच दिवशी, सूर्यास्ताचे आंत, पालकाची सही घेऊन अर्ज द्यावा, दुसरे दिवशी आलेला अर्ज घेऊं नये. दुसरे दिवशी कां घेऊं नये, हे नियम करणारासही ठाऊक नव्हते. पण नियम तो नियम.

शाळेच्या मुख्याबाई कुमुदिनीबाई. बाई कर्त्या, आवाज मोठा, मुलींवर माया बहुत, परंतु वरिष्ठ येणार म्हटले की फार धास्तावत. हुकूम हाती पडतांच त्यांणी सर्व शिक्षकांस बोलाविले आणि म्हणाल्या, "बाकी काय व्हायचं ते होऊ दे, स्वागतात एक काडी कमी पडता कामा नये. मागच्या वर्षी शेजारच्या शाळेत एक पुष्पगुच्छ कमी पडला, बाईंची बदली कुठं झाली ठाऊक आहे ना?" ठाऊक सर्वांस होते. मग तीस मुली रांगोळीस नेमिल्या, अठ्ठेचाळीस लेझिमीस, वीस स्वागतगीतास, अकरा औक्षणास, आणि मग पायघड्या धरणाऱ्या, फुले उधळणाऱ्या, शालींचे ताट उचलणाऱ्या, चहा देणाऱ्या आणि पाहुण्यांस चपला कोठे काढाव्या हे दाखविणाऱ्या ऐशा वेगळ्या नेमिल्या, आणि आठ दिवस विज्ञानाचा तास बंद करोन तालीम चालली, आणि प्रयोगशाळेंत टेबलांवर फुगे फुगविले. मेळाव्याचे आदले दिवशी सेवक दोनशे खुर्च्या मांडोन उभा राहिला आणि सहज पुसिले, "बाई, यांवर बसणार कोण?" बाईंनी बोटे मोजिली. शाळेच्या एकशे चौसष्ट कन्या, आणि एकशे चौसष्टही कामांत गुंतल्या. "अगंबाई!" म्हणोन बाई मटकन खुर्चीवर बसल्या, आणि म्हणाल्या, "पलीकडच्या शाळेतली मुलं आणून बसवा. रिकाम्या खुर्च्या फोटोत फार वाईट दिसतात." आणि सेवकाने मान डोलाविली. आतां लाज वाटते, परंतु डोलाविली हे खरे.

त्या एकशे चौसष्टांत एक कन्या होती, नामे तेजल. तिचे वडील सोपानराव घोलप यांची बाजारपेठेंत पिठाची गिरणी. पोरगी लहानपणापासोन गिरणींत वाढली, पट्टा सैल जाहला की आवाजावरोन ओळखी आणि बापाचे आधी पाना घेऊन उभी राही. यंत्रशाळेची बातमी कानी आली त्या दिवसापासोन तिला दुसरे काही सुचेना. अर्ज भरोन बापापुढे धरिला. सोपानराव मनुष्य सरळ, पोरीवर जीव, परंतु दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकोन पितो त्यांतले. त्यांणी पिठाचे हात झटकिले आणि म्हणाले, "हे बघ तेजू, सही मी अशी करायचा नाही. पोर राहणार कुठं, खाणार काय, शिकून काम खरंच मिळतं का नुसतं कागदावर, हे मला त्या येणाऱ्या बाईंना तोंडावर विचारायचंय. त्यांनी पटवलं तर सही. नाही पटलं तर मामाकडं राहून बारावी कर, मग बघू." तेजल म्हणाली, "आणि विचारायला मिळालंच नाही तर?" सोपानराव म्हणाले, "मग नशीब." आणि ऐन बाजाराचे दिवशी गिरणी बंद ठेवोन, धुतला सदरा घालोन, अर्ज खिशांत घेऊन, सोपानराव सभागृहांत पहिले रांगेंत येऊन बसले, कारण पालकांनी काही पुसणे ते बाईंचे भाषण जाहल्यावरच पुसावे ऐसे शाळेने ठरविले होते.

तेजलेस औक्षणाचे तबक आले होते. सकाळी नवापासोन ती फाटकापाशी उभी, तबकांत निरांजन, ते विझे, पुन्हा लावावे, पुन्हा विझे. कारभारीसाहेबांची स्वारी दहास यावयाची ती अकरास आली नाही, बारास आली नाही, आणि लेझिमीच्या पोरी उन्हांत उभ्या राहोन राहोन पायांवर पाय देऊं लागल्या. पाहुण्या बाई मात्र वेळेवर आल्या होत्या. त्यांचे नांव लतिकाबाई सोनटक्के, जलविद्युत केंद्रांत यंत्रांच्या दुरुस्तीवर मुख्य. एसटीने आल्या, खांद्यास पिशवी, पायांत जाड बूट, आणि त्यांस कोणी ओवाळिले नाही, कारण पहिले ओवाळणे कारभारीसाहेबांचे ऐसे ठरले होते. त्यांस मंचावर नेऊन बसविले, आणि मंचावर दुसरे कोणी नाही, समोर पलीकडच्या शाळेचे मुलगे पेंगतात, आणि कोपऱ्यांत कोणी पोरगे खुर्चीचा पाय वाकवून पाहते. बाई साडेबारापर्यंत बसल्या, मग उठोन फाटकाकडे आल्या आणि तेजलेस म्हणाल्या, "काय गं, हात दुखत नाहीत?"

तेजल म्हणाली, "दुखतात की."

"मग ठेव ना ते खाली."

"मुख्याबाई रागावतील."

"मी सांगते त्यांना. बरं, मला सांग, आजचा कार्यक्रम आहे कुणासाठी?"

"मुलींसाठी."

"आणि आत बसलंय कोण?"

तेजल म्हणाली, "मुलं." आणि दोघीही ऐशा हसल्या की स्वागतगीताच्या पोरी काय जाहले पाहावयास धांवल्या. मग बाई फाटकाचे कट्ट्यावर बसल्या आणि पिशवींतोन एक झिजलेले बेअरिंग काढिले आणि म्हणाल्या, "हे आमच्या केंद्रातल्या यंत्रातलं. का खराब झालं, सांगा बघू." ते बेअरिंग रांगोळीच्या रंगाचे हातांतोन फिरले, फुलांच्या हातांतोन फिरले, आणि तेजलेने कानाशी धरोन हळूच फिरविले आणि म्हणाली, "पाणी गेलंय आत. आमच्या गिरणीत पीठ जातं तेव्हा आवाज बसका येतो, हा खरखरतोय." बाईंनी तिजकडे नीट पाहिले. मग लेझिमी खाली ठेविल्या गेल्या, पायघड्यांवर पोरी मांडी घालोन बसल्या, आणि कोणी पुसे, उंचावर चढतांना भय वाटते काय, आणि कोणी पुसे, पुरुष ऐकतात काय, आणि बाई उत्तर देत, "पहिल्यांदा नाही ऐकत. यंत्र बंद पडलं की ऐकतात." दोन तास ऐसे गेले ते कोणास कळले नाही. सेवक खुर्च्या सोडोन तेथेच उभा होता.

अडीच वाजतां धुरळा दिसला आणि कुमुदिनीबाई पदर खोवोन धांवत आल्या, "उठा गं उठा, आले, आले!" मग एकच धांदल जाहली, लेझीम वाजली, फुले पडली, तेजलेने ओवाळिले, आणि स्वारी आंत गेली, आणि हार, शाली, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक हे सर्व होता होता तीन वाजोन गेले आणि कारभारीसाहेब बोलावयास उभे राहिले. कन्या बाहेरच राहिल्या, कारण परतीचे फुलांची तयारी करणे होती. लतिकाबाईंचे भाषण कारभारीसाहेबांचे मागोन दहा मिनिटे ठरले होते, परंतु त्यांची गाडी साडेतीनची. केंद्रांत यंत्र उघडोन ठेविले होते आणि संध्याकाळचे पाळीस जाणे भाग होते. दारांत उभे राहोन त्यांणी घड्याळ पाहिले, भाषण ऐकिले, आणि म्हणाल्या, "हे काही इतक्यात आटपत नाही. निघते मी." आणि पिशवी उचलोन चालूं लागल्या.

तेजलेने हे पाहिले. बाप आंत पहिले रांगेंत, अर्ज बापाचे खिशांत, बाई रस्त्यावर, आणि सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. ती सरळ सभागृहांत शिरली. मधल्या वाटेने, बोटांस कुंकू तैसेच, मंचापुढे येऊन उभी राहिली. तेसमयी कारभारीसाहेब ऐन रंगांत येऊन म्हणत होते की, "मुलींनी संकोच सोडला पाहिजे, न घाबरता पुढे आलं पाहिजे, आपल्या मनातलं मोठ्यानं बोललं पाहिजे." तेजल मोठ्याने म्हणाली, "बाबा, बाहेर या. बाई चालल्या."  चहूंकडोन "शू! शू!" ऐसा आवाज उठला, आणि कुमुदिनीबाई दांतओठ खाऊन म्हणाल्या, "तेजल! अगं, काय चाललंय? बाहेर हो आधी!" पोरगी जागची हलली नाही. डोळे भरले होते, परंतु हलली नाही. सोपानराव उठले, हात जोडिले आणि म्हणाले, "साहेब, माफी असावी. पोरीचं काम आहे." आणि बापलेक निघोन गेली. कारभारीसाहेब घुटका पाणी प्याले आणि मग, "तर मी काय म्हणत होतो," ऐसे म्हणोन पुढे बोलूं लागले. सेवक अर्जाचा शिक्का खिशांत घालोन त्या दोघांचे मागे गेला. ऐसे धाडस सेवकाने चोवीस वर्षांचे चाकरींत प्रथमच केले.

थांब्यावर लतिकाबाई उभ्या होत्या. सोपानराव धापा टाकीत म्हणाले, "बाई, दोन मिनिटं. पोर तिथं राहणार कुठं?" बाई म्हणाल्या, "वसतिगृहात. एका खोलीत चौघी. पावसाळ्यात छत गळतं." सोपानराव म्हणाले, "जेवण?" "आमटी पातळ. घरून चटणी द्या." "आणि काम मिळतं?" "मिळतं. पण आधी तुम्हाला कागदं लिहायला बसवतात, यंत्राला हात लावायला भांडावं लागतं. मी दीड वर्ष भांडले." सोपानरावांनी ऐसे उत्तर कोणत्याही पाहुण्याचे तोंडोन जन्मांत ऐकिले नव्हते.  ते हळू म्हणाले, "तुम्हाला तुमच्या वडिलांनी हौसेनं पाठवलं असेल?"

बाई रस्त्याकडे पाहोन म्हणाल्या, "नाही. मी भांडून गेले. तीन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. चौथ्या वर्षी बोलायचं ठरवलं असावं त्यांनी, आईला म्हणाले होते तसं. पण त्याआधीच गेले." एसटी वळणावर दिसली. बाईंनी पिशवी खांद्यास लाविली.

सोपानरावांनी पोरीकडे पाहिले. तिणे मान खाली घातली होती. मग त्यांणी खिशांतोन अर्ज काढिला, गुडघ्यावर धरिला आणि म्हणाले, "तीन वर्षं? माझ्याच्यानं तीन दिवस व्हायचं नाही, बाई. कुठं करायची सही, दाखव गं." आणि सही केली, कागद गुडघ्यावर म्हणोन अक्षर तिरपे आले. सेवकाने अर्ज घेतला, वेळ घातली तीन वाजोन सत्तावीस मिनिटे, आणि तेथेच रस्त्यावर शिक्का मारिला.

येणेप्रमाणे मेळावा पार पडला. बारा जागांस अर्ज नऊ आले, नऊही जणी फाटकापाशी मांडी घालोन बसलेल्या. कारभारीसाहेबांचे भाषणाने कन्यांस मोठी स्फूर्ति जाहली ऐसे सरकारी अहवालांत आहे, तो अहवालही सेवकानेच लिहिला. कुमुदिनीबाईंची बदली जाहली नाही. तेजल आषाढ मासी राजधानीस गेली, आणि बाप तिजशी रोज बोलतो.