साळूमावशीचे ओले पाय

एका जंगलात, वैशाखातल्या मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता, पार आटलेल्या तळ्याच्या काठी साळूमावशी उभी होती. तिचे पाय ओल्या चिखलाने भरले होते.

मुलांनो, आटलेल्या तळ्याकाठी ओले पाय म्हणजे मोठी बातमी. सगळं जंगल जमलं.

“टेकडीपलीकडे पाणी आहे,” काटे सावरत साळूमावशी म्हणाली. “मी पिऊन आले. पोरांना न्यायला परत आलेय. तुम्हीही चला.”

कोणी हललं नाही. टेकडीपलीकडे राक्षस राहतो, हे त्या जंगलात दूधपित्या पिल्लालाही ठाऊक होतं. त्याचं तोंड पोटावर. कान सतरंजीएवढे, एक अंथरायचा, एक पांघरायचा. पलीकडे जाईल त्याला तो खायचा. राजपंडित घुबडशास्त्रींनी टेकडीच्या पायथ्याशी मंतरलेला दोरा बांधला होता, म्हणून तर सगळे वाचले होते.

वाघमहाराजांनी जागच्या जागी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष घुबडशास्त्री. सदस्य ससा, कारण काहीही विचारलं तरी तो मान डोलवायचा.

“राक्षस दिसला?” शास्त्रींनी विचारलं.

“नाही. बगळे दिसले. एक म्हैस डुंबत होती.”

“आमच्या पोथीत त्याचं चित्र आहे.”

“कोणी काढलं?”

“आम्ही.”

“तुम्ही पाहिलंत त्याला?”

“काय बाई विचारतेस. पाहिलं असतं, तर चित्र काढायला उरलो असतो का?”

सशाने मान डोलवली. जमलेल्यांनाही ते पटलं.

साळूमावशीची दोन पिल्लं तिच्या पायांचा चिखल चाटत होती. तिला ते बघवेना. “शास्त्रीबुवा, मला त्याने खाल्लं नाही, एवढं तरी लिहून घ्या.”

शास्त्रींनी डोळे मिटले. “पलीकडे जाणाऱ्याला राक्षस खातो. ही गेली, हिला खाल्लं नाही. राक्षस फक्त स्वतःला खात नाही.”

शेजारचं रानडुक्कर चार पावलं मागे सरलं.

“मावशी, मनाला लावून घेऊ नका,” ससा म्हणाला, “पण अंगावर काटे आहेतच तुमच्या.”

“जन्मापासून आहेत, मेल्या. परवा तुझ्या पायातला काटा यातल्याच एकाने काढला.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं ना.”

निकाल लागला. साळू ही राक्षसीण. तिला पिल्लांसकट टेकडीपलीकडे आजन्म हद्दपारी.

“आजन्म?” साळूमावशीने खात्री करून घेतली. “मागे नाही ना घेणार?”

“निकाल फिरत नसतो.”

तिने पिल्लांना पुढे घातलं, दोऱ्याखालून वाकली आणि गेली. दुपारपर्यंत तिघांचीही पोटं टम्म झाली. टेकडीच्या अलीकडे सगळ्यांनी कोरड्या जिभेने शास्त्रींचा जयजयकार केला.

तात्पर्य: मुलांनो, तहान लागली तर पोथी वाचावी. पलीकडे जाऊन पाहायचंच असेल, तर येताना पाय पुसून यावं.

वाघमहाराजांच्या गुहेतला रांजण त्या मंगळवारीही काठोकाठ भरलेला होता. तो रोज कोण भरतं आणि कुठून, हे समितीच्या अहवालात नाही.