विलायती गाडीचं मागचं दार

गुलाबरावांच्या गाडीचं मागचं डावं दार आतून उघडत नसे, आणि नव्या माणसाला ते हे गाडीचा गुण म्हणून सांगत. "चालत्या गाडीतून मानूस पडत नाही." उजवं दार कधीतरी निखळलं होतं, ते त्यांनी तारेनं कायमचं बांधून टाकलं होतं. त्यामुळे गाडी थांबली की गुलाबराव स्वतः उतरत, धोतराचा सोगा सावरत पुढून वळसा घालत आणि मागचं दार उघडून अदबीनं उभे राहत. मग डोक्यावरचा पदर धरून त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, उतरत. "पाय सांभाळ," गुलाबराव जमिनीकडे बघत म्हणत. सारं मेहकर या प्रकाराला हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो, कारण माझ्याकडे देशी गाडी होती.

मी तेव्हा मेहकरला वकिली करत होतो. गुलाबराव आमचे शेजारी, कापसाचे अडते. त्यांनी अकोल्याच्या एका जिनिंग कारखानदाराकडून ही विलायती गाडी घेतली, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि त्या उत्साहात मी देशी घेतली. जुनीच, पण देशी. तिचे पार्ट चिखलीला मिळतात, खामगावला मिळतात, जालन्याला तर ढिगानं मिळतात, असं मी येईल त्याला ऐकवत असे. ते खरंच होतं. मला ते या सगळ्या ठिकाणी घ्यावे लागले होते.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमचा वाद चाले.

"तुमचा पार्ट सस्ता, पन दर महिन्याले," गुलाबराव म्हणत. "माह्या गाडीचा महाग, पन तो भेटतच नाही. मंग खर्च कोनाचा जास्त, सांगा वकीलसाहेब."

कोर्टात मी बऱ्यावाईट अनेक बाजू लढवल्या, पण याला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

पार्ट मिळत नाही म्हटल्यावर माणूस गाडी विकतो. गुलाबराव टाकीचं भोक अंगाच्या साबणानं बुजवत. साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर पंख्याचा पट्टा तुटला, तर त्यांनी बैलाचा कासरा पिळून बांधला आणि गाडी घरी आणली. वाटेत त्यांना मी दिसलो. माझी देशी गाडी एका बैलजोडीमागून येत होती आणि मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं. त्यांनी शेजारून जाताना हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्या सभ्यतेचा मला फार राग आला.

"ज्याले पार्ट लागते ते खटारं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हिले मानूस लागते."

एकदा तरी यांना हरवायचंच, असं मी मनात घेतलं. खामगावच्या एका दुकानात माझ्याच गाडीच्या दाराचं आतलं हँडल मी हातात घेऊन पाहिलं आणि माझे डोळे चमकले. कानस मारली तर ते गुलाबरावांच्या दाराला बसणार होतं. विलायती गाडी देशी पार्टावर चालणार, म्हणजे वाद संपला. मी कानस मारून घेतली आणि संध्याकाळी ते हँडल घेऊन विजयी मुद्रेनं ओट्यावर गेलो.

तिथे गुलाबरावांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सारं घर माय म्हणे, आणि त्यांच्यासमोर घरात कोणाचा आवाज चढत नसे.

"बरं केलं बाप्पा," माय म्हणाल्या. "आत्ताच लाव. गावभर बायकोचं दार उघडत फिरते. लोक हासून राह्यले."

गुलाबरावांनी हँडल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "बसनार नाही. विलायतीचे आटे उलटे रायतात."

"मी बसवून दाखवतो," मी म्हणालो. मला गप्प बसायचं कळलं असतं तर माझी वकिली बरी चालली असती. मी पाना काढून गाडीकडे निघालोसुद्धा. तेवढ्यात घराच्या दाराआडून सुमनवहिनींचा आवाज आला. सासूसमोर त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"राहू द्या भाऊजी. मले आतून उघडता नाही यायचं."

"त्यात काय अवघड आहे वहिनी, नुसतं खाली दाबायचं."

"नाही यायचं," त्या म्हणाल्या.

गुलाबरावांनी माझा दंड धरला आणि मला फाटकापर्यंत आणलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"वकीलसाहेब, लग्न झाल्यापासून मायसमोर मी तिच्याशी बोललो नाही. घर मोठं, दिवसभर मानसं. बायकोले काही इचारलं तर गडीबी हासते. दार बिघडेल हाय म्हून उतरतो. दोन शब्द बोलतो. लोकाईले वाटते, गाडीच तशी, हा काय करीन बिचारा. ते आतून उघडलं, तर मी उतरू काऊन?"

मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा हेवाही वाटला. मी हँडल खिशात घालून घरी आलो. पुढे ते माझ्याच गाडीला लागलं, हे सांगायला नकोच.

त्यानंतरच्या रविवारी मी बायकोला घेऊन तिच्या माहेरी, धामणगाव बढ्याला गेलो. माझ्या गाडीची चारही दारं आतून उघडत. एरवी मी इंजिन बंद करून मान वळवेपर्यंत ती उतरून आत गेलेली असे. त्या दिवशी मी तिला "थांब" म्हणालो, घाईनं उतरलो, गाडीला पुढून वळसा घातला आणि दार उघडून उभा राहिलो.

ती आत बसूनच माझ्याकडे बघत राहिली.

"काऊन जी," तिनं विचारलं, "आता हेबी दार बिघडलं का?"

मी हो म्हणालो.