अकरा ब्रेकरांचा मालक

केडगावच्या हनुमंतरावांना एकदा नाद लागला की लागला! गेल्या आठवड्यात त्यांनी घरातले विजेचे अकराच्या अकरा ब्रेकर मोबाईलच्या ॲपवर घेतले आणि एकेकाला शिस्त लावत बसले. फ्रिजला इतकी वीज, लेकीच्या, म्हणजे आरतीच्या खोलीला तितकी. ब्रेकर हातानं चालू करायची सोयही त्यांनी बंद करून टाकली. ॲप उघडणार ते त्यांचा चेहरा बघून, नाहीतर त्यांची पिन टाकून.

"आवं, आज पाव्हणे यायचेत पोरीला बघायला. आज तरी त्याला हात लावू नगा," सविताबाई काकुळतीला आल्या. पारनेरचा ज्ञानेश्वर आरतीला मनापासून आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच मायलेकींचं म्हणणं.

"एकच सेटिंग ऱ्हायलंय," म्हणत हनुमंतरावांनी ठरवून टाकलं, की स्वयंपाकघरात वीज जास्त लागली तर घरातली सगळ्यात बिनकामाची वस्तू आधी बंद पडावी. ती कोणती? तर पाण्याचा पंप! पाणी काय, टाकीत असतंच. मग ते निवांत आंघोळीला गेले.

इकडं सविताबाईंनी विजेच्या शेगडीवर पोहे टाकले आणि चटणीला मिक्सर लावला. पंप बंद. टाकी जमिनीत, त्यामुळं नळ कोरडाठाक.

"पानी गेलं!" डोक्यापासून साबण फासलेले हनुमंतराव आतून ओरडले.

"तुमीच घालवलंय, पप्पा! मोबाईल घ्या." आरतीनं दाराच्या फटीतून मोबाईल दिला. फेसानं भरलेलं ते तोंड बघून मोबाईलनं साफ ओळख नाकारली.

"तोंड पुसा ना!"

"पुसलं की! डोळंच उघडंनात, लई झोंबतंय."

"मग पिन सांगा."

"ती कोनाच्या ध्यानात ऱ्हातीय?"

नेमकी तेव्हाच दारात पाव्हण्यांची गाडी थांबली. ज्ञानेश्वरची आई मुक्ताबाई उंबरा ओलांडतात तोच आतून गर्जना आली, "आरं, मी मालक हाय! मालकाला वळखत न्हाईस व्हय रं?"

"कोन हाय आत?" त्यांनी विचारलं.

"आरतीचे पप्पा," सविताबाई कशाबशा म्हणाल्या. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सगळा प्रकार ऐकून मुक्ताबाईंनी पदर खोचला, अंगणातल्या टाकीचं झाकण काढून बादली भरली आणि लेकाच्या हातात दिली. सासऱ्या-जावयाची पहिली भेट झाली ती अशी, बाथरूमच्या दाराआडून.

पोहे झाले, चहा झाला. हनुमंतराव लालभडक डोळ्यांनी खाली बघत बसले होते.

"पोरगी आमाला पसंत हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "पर एक अट हाय."

सविताबाईंनी आरतीकडं बघितलं. आता काय मागतात देव जाणे!

"लग्नातली लाईट आमी बघू. व्याह्यांनी तिकडं फिरकायचं बी न्हाई."

"मंजूर!" बापानं तोंड उघडायच्या आत आरतीच ओरडली.