हलक्या ठोकळ्यांची कृती

आमच्या कारखान्यात काँक्रीटमध्ये हवा माणसं तोंडाने भरतात.

दुसरीकडे अॅल्युमिनियमची पूड घालतात, नाहीतर यंत्राने साबणासारखा फेस करून मिसळतात. आम्ही दोन्ही करून हात पोळून घेतले. पुडीने मिश्रण साच्याबाहेर उतू जायचं आणि फेस सिमेंट धरायच्या आतच बसायचा. म्हणून आता सिमेंट, चुना आणि शेजारच्या वीज केंद्राची राख यांचं पातळ मिश्रण साच्यात ओतलं की एक माणूस लोखंडी नळी तळापर्यंत घालतो आणि वीस मिनिटं फुंकत बसतो. मिश्रण ढोकळ्यासारखं फुगून वर येतं. मग ते तारेने कापायचं, वाफेवर पक्कं करायचं आणि एक ठोकळा पाण्याच्या हौदात टाकून बघायचा. तरंगला तर पास. तो बघणारा तपासनीस मी.

कोणाचाही श्वास चालत नाही. खुशीतला माणूस फुंकायला लागला की लहानमोठे बुडबुडे होतात आणि ठोकळा मधोमध तडकतो. दुःखी माणसाचा श्वास लांब, संथ आणि एकसारखा येतो. त्यामुळे भरतीच्या वेळी आम्ही शिक्षण विचारत नाही, घरी काय झालंय ते विचारतो. लोक खोटं सांगतात. एका पठ्ठ्याने धडधाकट आजीला मारून टाकलं होतं. पहिल्याच साच्यात पकडला गेला.

देवमन खंडारे हा आमचा सगळ्यात चांगला फुंकणारा. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, वनमालाने, त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा तो तिला म्हणाला होता, पुन्हा तोंड दाखवू नको. तिने ते पाळलं. ती कुठे आहे, आहे की नाही, त्याला काही माहीत नव्हतं. जिल्ह्याच्या नव्या इस्पितळाने मागणीतच लिहिलं होतं की साचे फक्त खंडारेचे हवेत.

एका सोमवारी ऑफिसात फोन आला. मी उचलला.

"मी देवमनजी खंडारेची पोरगी," पलीकडून बाई म्हणाली. "गुरुवारी तालुक्याच्या स्टँडवर येऊन राह्यली मी. बाबाले म्हणा, भेटाचं असन तर या. नाही आले तर मी समजून घेईन. पुन्हा तरास नाही देनार."

पत्ता विचारेपर्यंत तिने फोन ठेवला. मी व्यवस्थापक बोधनकर साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इस्पितळाचे चाळीस साचे बाकी आहेत. हा खूश झाला तर काय करायचं?"

"पण निरोप आहे साहेब. द्यायला तर हवा."

"द्यायचाच आहे. मागणी पूर्ण होऊ द्या, शनिवारी द्या. निरोप काही नासत नाही."

मला ते पटलं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा पटलं होतं.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्टँडवर गेलो. प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहायची आम्हा तपासनिसांना खोडच असते. ती चौकशीच्या खिडकीजवळ बसली होती. आमच्या गावाकडची एसटी आली की उठायची, उतरणारा शेवटचा माणूस बघायची आणि परत बसायची. मी रसवंतीच्या आडून साडेपाचपर्यंत बघत होतो. मग ती एका गाडीत चढली. कोणत्या गावची गाडी होती ते माझं बघायचं राहिलं.

शनिवारी साहेबांसमोर मी देवमनला सगळं सांगितलं. तो आरडाओरडा करील म्हणून साहेबांनी दार लावून घेतलं होतं. तो ओरडला नाही.

"तुमी पायलं तिले?"

"हो."

"कशी दिसे?"

मी सांगितलं. पिवळी साडी, मनगटात घड्याळ, मांडीवर कापडी पिशवी.

"केस पिकले काय तिचे?"

"पुढचे थोडे."

"तिची मायही अशीच पस्तिशीत पिकली व्हती," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

त्याने रजा घेतली आणि चार दिवस स्टँडवर बसून आला. पाचव्या दिवशी कामावर आला. नळी हातात घेण्याआधी माझ्याकडे येऊन म्हणाला, "सांगा, सायेब." मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या दिवशीचा ठोकळा हौदात टाकला तर बूडसुद्धा नीट ओलं झालं नाही. इतका हलका ठोकळा मी नोकरीत पाहिला नव्हता. साहेबांनी त्याच आठवड्यात कृतिपत्रक बदललं. मिश्रण ओतताना तपासनिसाने खंडारे यांना मुलीचं वर्णन सांगावं, ही आता पहिली पायरी आहे. त्याखाली माझी सही आहे.

इस्पितळ कधीच बांधून झालं. आता शाळांची मागणी आहे. मी रोज सकाळी सांगतो, पिवळी साडी, घड्याळ, पिशवी, पुढचे केस. तो मान खाली घालून ऐकतो आणि कामाला लागतो.

आज ऐकून झाल्यावर तो जागचा हलला नाही.

"सायेब, तुमी येवढा येळ तिथंच व्हते. बोलले काऊन नाही तिच्यासंग?"

मिश्रण ओतून झालं होतं, आणि ओतल्यावर पाच मिनिटांत फुंकायला सुरुवात झाली नाही तर साचा वाया जातो. मी त्याला नळी घ्यायला सांगितलं.